हात आत होता

एलन मॉसपबद्दल मी चांगलं बोलेन असं आमच्या सँडबेक गावात कुणालाच वाटणार नाही. चौदा वर्षं मी त्या माणसाशी धड बोलले नाही, आणि स्टेशनवरच्या माझ्या चहाच्या खिडकीतून त्याचं जेवढं वाटोळं करता येईल तेवढं केलं. मुद्दाम नाही केलं. पण केलं. आता सांगायला बसलेच आहे तर नीट सांगते. मध्ये कुणी तोंड घालू नका, माझा धागा तुटतो.

एलन खाणीवाल्याचा मुलगा. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा बापाची खाण म्हणजे मुलाची खाण असं ठरलेलंच असायचं. पण त्याच्या बापाची छाती चाळिशीतच कामातून गेली, तेव्हा आईने हट्टाने पोराला रेल्वेत घातलं. आधी इंजिनं पुसली, मग फावडं हातात आलं. उंच, हाडकुळा, मान जरा पुढे काढून चालणारा. बोलायला अगदी कंजूष. चहा हवा असला की पेला खिडकीत ठेवायचा आणि माझ्याकडे बघत उभा राहायचा. मी विचारायची, तोंड घरी विसरलास का रे? तर मान हलवून हो म्हणायचा. ॲग्नेसने त्याच्याशी लग्न कसं जमवलं देव जाणे, बहुतेक तिनेच विचारलं असावं.

अकरा वर्षं तो विल्फ टायसनच्या इंजिनावर फायरमन होता, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. आता विल्फ म्हणजे आमच्या गावाचा लाडका. गोल तोंड, मोठा आवाज, चॅपलमध्ये पहिल्या बाकावर, नाताळात पोरांसाठी लाल डगला घालणारा. गाडी चालवायचा आणि प्रत्येक स्टेशनावर दोन माणसांची चौकशी करायचा. एक बोलका, एक मुका. जोडी छान जमली होती.

सँडबेकचा प्लॅटफॉर्म वाकडा आहे. सुटायचा सिग्नल त्या वळणापलीकडे, आणि वाफेच्या इंजिनातून तो फक्त फायरमनच्या बाजूने दिसायचा. म्हणून इथे एक पद्धत पडून गेली होती. एलन बाहेर वाकायचा, बघायचा आणि म्हणायचा, "पडला." एवढंच. म्हणजे सिग्नलचा दांडा खाली आला, वाट मोकळी. तो शब्द आला की विल्फ गाडी सोडायचा. दिवसातून सहा वेळा, अकरा वर्षं. मी खिडकीतून रोज ऐकायची, म्हणून सांगते. एलनच्या तोंडून दिवसभरात तेवढेच शब्द निघत असतील.

मग एकोणीसशे पंचावन्न साली डिझेल गाड्या आल्या. दोन डबे, हिरव्या रंगाचे, अंग ॲल्युमिनियमचं, इंजिनं फरशीखाली लपवलेली, मोटारबसला असतात तशी. धूर नाही, राख नाही, पाणी भरायची कटकट नाही. ड्रायव्हर खुर्चीत बसतो आणि गिअर बदलतो. गाव नुसतं वेडं झालं होतं. ड्रायव्हरच्या पाठीमागे सगळी काच होती, तिथल्या बाकावर बसलं की समोरचे रूळ, समुद्र, सगळं दिसायचं. त्या बाकांसाठी म्हाताऱ्या बायका कोपरं मारायच्या. मी स्वतः मारलीत.

विल्फला मात्र ते खपत नव्हतं. म्हणायचा, माझ्या मानेवर एखादा फोड आला तर आधी गावाला कळेल आणि मग मला. तो मागचे पडदे खाली ओढून घ्यायचा. पडदे पडले की तिथे कुणी बसायचं नाही, दिसायचंच काय? त्याच्या गाडीत पुढचे बाक कायम रिकामे.

आणि फायरमनचं काय? आग नाही तर फायरमन कशाला. एलनचं फावडं शेडच्या भिंतीला टेकून राहिलं. कित्येकांना घरी पाठवलं त्या वर्षी. विल्फने साहेबांकडे जाऊन एलनसाठी शब्द टाकला आणि एलन गार्ड झाला. गावाने विल्फच्या नावापुढे आणखी एक पुण्य मांडलं. तेही बरोबरच होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्यानंतर एलन जे काही करेल ते विल्फच्या उपकारावर, असं आपोआप ठरून गेलं.

आता एक पुढे, एक मागे. मध्ये दोन डबे आणि एक बटण. गार्डने दारं बघायची, सिग्नल बघायचा, आणि मग आपल्या दाराच्या आतलं बटण दोनदा दाबायचं. पुढे ड्रायव्हरच्या डोक्याशी बेल वाजते, टिंग टिंग. ड्रायव्हरनेही सिग्नल बघायचा, मग निघायचं. दोन टिंग नाहीत तर गाडी हलवायची नाही. नियम हा असा होता.

एकोणसाठ सालच्या जूनमधला शुक्रवार. शर्यतीची कबुतरं दक्षिणेकडे पाठवायचा दिवस, तिथून सोडली की ती उडत घरी येतात. आमच्याकडे कबुतरांचा क्लब म्हणजे चॅपलच्या खालोखाल. वेताच्या टोपल्या गार्डच्या डब्यात चढवायच्या, आणि क्लबचा सेक्रेटरी हडल्स्टन, तोच आमचा खाटीकही, प्रत्येक टोपलीशी राजपुत्राला निरोप द्यायला आल्यासारखा उभा. त्या दिवशी अठरा टोपल्या होत्या. टोपल्या चढल्या, हडल्स्टन दुकानाकडे गेला. एलन गार्डच्या दारात उभा होता, एक पाय प्लॅटफॉर्मवर, एक आत. उजवा हात आत. मी समोरच्या खिडकीत कप विसळत होते, तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आणि गाडी सुटली.

एलन कसाबसा आत चढला. सिग्नल लालच होता, कारण पलीकडून त्याच एका रुळावर कोळशाची मालगाडी येत होती. वळणाच्या पुढे विल्फला ती दिसली, तिच्या ड्रायव्हरला हा दिसला, दोघांनी जीव खाऊन ब्रेक लावले. दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून थांबल्या, मध्ये एखादी घोडागाडी उभी राहील एवढी जागा. कुणी मेलं नाही. एका म्हाताऱ्या शिक्षिकेचं मनगट मोडलं. मी खिडकी बंद करून खाली बसले ती दहा मिनिटं उठले नाही.

चौकशी झाली. वरून तीन साहेब आले. प्रश्न एकच होता, बेल वाजली की नाही. पुढचे बाक नेहमीसारखे रिकामे, तेव्हा ऐकणारा एकटा विल्फ. वाजली असेल तर लाल सिग्नलवर बेल देणारा गार्ड आधी गेला असता, आणि गार्ड होऊन चारच वर्षं झालेला माणूस म्हणजे सरळ घरीच. वाजली नसेल तर सगळं ड्रायव्हरच्या डोक्यावर. एलन म्हणाला, मी बेल दिली नाही. हात आत का होता असं विचारल्यावर म्हणाला, टोपली घसरत होती ती धरली होती. विल्फला विचारलं. विल्फ म्हणाला, "बेल मी ऐकली नाही. गाडी मीच सोडली."

झालं. विल्फची ड्रायव्हरकी गेली. वीस वर्षांचा ड्रायव्हर, त्याला गाड्या धुवायच्या शेडमध्ये टाकलं. ज्या काचेमागे बसायचा ती बाहेरून पुसायला लागला. एलन कागदावर निर्दोष सुटला.

पण कागद कोण वाचतं? गावाने आपला निकाल माझ्या खिडकीसमोर दिला. वीस वर्षांचा ड्रायव्हर बेलशिवाय गाडी हलवेल? छे. बेल एलनने दिली, आणि आपल्या जुन्या फायरमनची भाकरी जाऊ नये म्हणून विल्फने सगळं अंगावर घेतलं. आणि तो एलन मूग गिळून उभा राहिला, उपकाराची जाण म्हणून नाही. लोकांनी मला विचारलं, मेबल, तू तर समोर होतीस. मी काय सांगितलं? हात आत होता. खोटं नव्हतं ते. मी कधी खोटं बोलत नाही, याचा मला फार मोठा तोरा होता. बटण दाबताना पाहिलंस का, असं मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायचं मलाही सुचलं नाही. चहाबरोबर दिवसाला पन्नास लोकांना मी तेच सांगत होते, हात आत होता.

नंतर एलनचं काय झालं ते सांगते, म्हणजे आमचं गाव किती मायाळू आहे ते कळेल. कुणी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त बोलायचं बंद केलं. रेल्वे क्लबमध्ये तो डॉमिनो खेळायला बसला की टेबलावरच्या तिघांना एकदम काम आठवायचं. हडल्स्टनने कबुतरांच्या टोपल्या त्याच्या गाडीने पाठवणं बंद केलं, पुढच्या गाडीपर्यंत थांबायचा, पाखरं उन्हात तडफडली तरी. ॲग्नेस मांस आणायला गेली की तिच्या पुड्यात कायम चरबीचा तुकडा. तिनेही मग गाव सोडून पलीकडच्या बाजारात जायला सुरुवात केली. त्यांची मुलगी शिकून जी बाहेर पडली ती नाताळलाही यायची नाही.

आणि एलन स्वतः? तो कामात असा काटेकोर झाला की बघवेना. प्रत्येक स्टेशनावर खाली उतरायचा, सिग्नल दिसेल तिथपर्यंत चालत जायचा, सिग्नल डोळ्यांनी बघायचा, परत यायचा, दारं बघायची, मगच टिंग टिंग. गाडी रोज दोन मिनिटं उशिरा. लोक खिडकीतून ओरडायचे, अरे मॉसप, सिग्नल घरी घेऊन जा आणि उशाशी ठेव. मीही हसायची. म्हणायची, आता बघा कसा बघतो, आधीच बघितलं असतं तर? त्याची काळजी हाच आम्हाला त्याच्या चुकीचा पुरावा.

एकदा, दोन-तीन वर्षांनी असेल, तो खिडकीशी आला. प्लॅटफॉर्मवर कुणी नव्हतं. पेला ठेवला नाही, नुसता उभा राहिला. मला वाटलं नेहमीचंच मुकं मागणं, मी किटली उचलली. तर बोलला.

"मेबल, एक विचारू? मी बटण दाबताना तू पाहिलंस का?"

मी म्हटलं, "तुझा हात आत होता, एलन."

"ते मी नाही म्हणतच नाही. बटण पाहिलंस का, एवढं सांग. आणि नसशील पाहिलं, तर तेवढं लोकांना सांग. बाकी काही मागत नाही."

केवढंसं मागणं होतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला खोटं पाडायला आला, असं वाटलं मला. मी म्हटलं, ज्याने तुझ्यासाठी आपली गाडी घालवली तो तिकडे बादली घेऊन काचा पुसतोय, आणि तू इथे माझ्याकडे दाखला मागायला येतोस, लाज नाही वाटत? त्याने टोपी नीट केली. मग गेला. त्यानंतर चहा घरून बाटलीतून आणायला लागला.

विल्फला मात्र गावाने डोक्यावर घेतलं. क्लबमध्ये त्याला आपल्या पैशाने बिअर घ्यावी लागली नाही. कुणी विचारलंच, विल्फ, खरं सांग ना, बेल वाजली होती ना? तर तो हसायचा, पेल्यात बघायचा आणि म्हणायचा, मी काय सांगायचं ते साहेबांना सांगितलं. झालं. माणसं एकमेकांना डोळे मिचकावायची. केवढा मोठा माणूस म्हणायची. मी सगळ्यांत आधी.

वर्षं गेली. त्या पहिल्या हिरव्या गाड्यासुद्धा पंधरा वर्षं टिकल्या नाहीत, भंगारात गेल्या, दुसऱ्या डिझेल गाड्या आल्या. त्र्याहत्तर साली विल्फच्या पोटात काहीतरी धरलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. बायको आधीच गेलेली, तेव्हा आम्ही बायका पाळीपाळीने जायचो. एका मंगळवारी दुपारी मी त्याला सूप भरवत होते. तो म्हणाला, "मेबल, बेल वाजलीच नव्हती गं."

"ठाऊक आहे तू काय सांगितलंस ते," मी म्हणाले. "आता तरी पुरे कर. एलनला आता कामावरून कोण काढतंय?"

"तूही अजून तसंच धरून बसलीयस," तो म्हणाला. "अगं, मी साहेबांना खरं तेच सांगितलं होतं. सँडबेकचा सिग्नल मी कधी बघितलाच नाही. अकरा वर्षं एलन बघायचा. तो म्हणायचा पडला, की मी सोडायचो. डिझेलवर आलो, बेल आली, पण डोळ्यांना सवयच नव्हती तिकडे बघायची. त्या दिवशी मी बसलो होतो आणि मला ऐकू आलं, पडला. बेल नाही. एलनचा आवाज. अगदी कानाशी. चार वर्षं तो माझ्या शेजारी नव्हता, तरी ऐकू आलं. आणि मी सोडली."

मी चमचा वाडग्यात ठेवला. मी विचारलं, मग आम्हाला का नाही सांगितलंस?

"पहिल्या दिवशी सांगितलं की. हडल्स्टनलाच सांगितलं. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, डोळ्यांत पाणी त्याच्या. म्हणाला, तुझ्यासारखा माणूस नाही. सगळे तसंच म्हणायला लागले. गाडी तर गेलीच होती माझी, मेबल. तेवढंच उरलं होतं. ते मी ठेवून घेतलं."

मरणाऱ्या माणसावर ओरडत नाहीत म्हणून मी ओरडले नाही. पण राग असा आला की वाडग्यातलं सूप त्याच्या अंगावर ओतावंसं वाटलं. मग घरी जाताना कळलं, तो राग सगळाच काही त्याच्यावरचा नव्हता. हे हडल्स्टनसमोर सांगशील का, असं मी त्याला विचारून घेतलं होतं. म्हणाला, रविवारी आण त्याला. गुरुवारी सकाळी विल्फ गेला.

मी एलनकडे गेले. चौदा वर्षांत त्याच्या दाराशी गेले नव्हते. तो मागच्या अंगणात बटाटे काढत होता. ॲग्नेस दारातून बाजूला झाली, बस म्हणाली नाही. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, विल्फ काय म्हणाला ते, आणि मी बटण पाहिलं नव्हतं तेही. माझी चूक झाली, असं म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडाला सवयीचं नाही, दोनदा अडखळले.

एलनने कुदळ जमिनीत रोवली. "मला कशाला सांगतेस?" तो म्हणाला. "बेल दिली नाही हे मला ठाऊकच आहे. त्यांना सांग."

सोमवारी दफन झालं. चॅपल भरून माणसं बाहेर उभी. नंतर रेल्वे क्लबमध्ये चहा, हॅम, आल्याचा केक, सगळं गाव. एलनही आला होता, दाराजवळ एकटा उभा, टोपी हातात. येताना बायकांनी कुजबुज केली, बघा, तोंड दाखवायला आलाच. मी बशी ठेवली आणि उभी राहिले. माझा आवाज बारीक नाही, पहिल्या हाकेत खोली गप्प झाली. मी सगळं सांगितलं, गाळलं काही नाही. विल्फने मंगळवारी स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं, बेल वाजली नव्हती. एलन मॉसप पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. आणि मी त्याचा हात पाहिला, बटण पाहिलं नाही.

माणसांनी हातातल्या बशा खाली ठेवल्या. मला वाटलं, पोचलं.

मग हडल्स्टनने रुमाल काढला आणि डोळे पुसले. "ऐकलंत?" तो म्हणाला. "मरता मरताही त्यालाच झाकत होता. असा माणूस पुन्हा होणे नाही."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन-तीन बायका रडायला लागल्या. मी म्हटलं, अरे, मी काय सांगतेय ते ऐका, मी स्वतः बटण पाहिलेलं नाही. हडल्स्टनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. फार मायेने म्हणाला, "मेबल, तुला शेवटी शेवटी फार कष्ट पडले त्याचं करताना. बस जरा. हात आत होता, हे तूच तर सांगितलंस आम्हाला." कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. कुणीतरी चहात जास्तीची साखर घातली.

मी बाहेर आले तेव्हा एलन पायऱ्यांवर टोपी घालत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, एलन, मी सांगितलं रे, तू ऐकलंस ना, मी सगळं सांगितलं.

"ऐकलं," तो म्हणाला. "नीट सांगितलंस."

"एकालाही पटलं नाही."

"नाही पटत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "तू उद्या पुन्हा सांगशील. परवा सांगशील. मग लोक हसायला लागतील. मला चौदा वर्षं झाली, मेबल. तुझा आज पहिला दिवस आहे."

मग त्याने माझ्यासाठी फाटक उघडं धरलं, आणि आम्ही दोघं स्टेशनाच्या रस्त्याला लागलो.